आधी वजनकाटा, मग खरेदी

वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाच्या तयारीबद्दल बरीच पत्रं साठली होती, ती या अंकात एकत्र घेतली आहेत. निम्म्याहून अधिक पत्रं ‘कोणती सॅक घेऊ?’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. म्हणून त्यातलं सगळ्यात तपशीलवार पत्र आधी. एक गोष्ट सांगून ठेवते: मी सामान विकत नाही, शिवते आणि दुरुस्त करते. माझी उत्तरं त्या बाजूला झुकलेली असणार, हे धरूनच वाचा.

प्रश्न: ताई, मी आणि माझी बायको दोन महिन्यांनी सहा आठवडे सलग चालायला निघतोय. वाटेत दर चार-पाच दिवसांनी शिधा भरता येईल. सामान दहा वर्षांपूर्वीचं आहे. माझी सॅक २.६ किलो, दोघांचा तंबू ३.१ किलो, माझी स्लीपिंग बॅग १.९ किलो. अन्नपाणी सोडून माझ्या पाठीवर सगळं मिळून १३.४ किलो होतं, पूर्ण यादी सोबत जोडली आहे. पैसे एकाच मोठ्या वस्तूपुरते आहेत. ११०० ग्रॅमची एक सॅक हेरून ठेवली आहे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नका.

तुम्ही वजनं कळवलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. दिवसाला माणशी सातशे ग्रॅम शिधा धरला तर पाच दिवसांचा साडेतीन किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. तुमच्या १३.४ मध्ये हे मिळवलं की १८.९ किलो. नवीन सॅक घेतलीत तर दीड किलो कमी होऊन १७.४. आता गंमत अशी की किलोभर वजनाच्या सॅकची चौकट नाजूक असते आणि पट्टे पातळ असतात. अशा बहुतेक सॅक बारा-तेरा किलोंपर्यंतच अंगाला सुखाच्या असतात. त्यात सतरा किलो कोंबले की कंबरपट्टा सगळं वजन खांद्यांवर सोडून देतो आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या जुन्या अडीच किलोच्या धुडाची आठवण काढता. सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. आत काय जाणार आणि ते किती भरणार हे ठरल्याशिवाय तिचं माप ठरतच नाही.

मग पैसे कशावर घालायचे? तुमच्या बाबतीत मी तंबूकडे बोट दाखवीन, आणि तेही एक तपासणी झाल्यावर. तंबू भर उजेडात उभा करा, आत जा, तळाच्या कापडावरून आणि बाहेरच्या आवरणाच्या आतल्या बाजूने तळहात फिरवा. हाताला चिकट लागतंय का? आंबूस, ओकारीसारखा वास येतोय का? येत असेल तर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर मेलेला आहे. हवेतली वाफ त्या थराला वर्षानुवर्षं आतून तोडत राहते. धुऊन, वाळवून, फवारा मारून तो परत येत नाही. चिकटा खरवडून नवा थर देणारे हौशी लोक आहेत. सहा आठवड्यांच्या चालीआधी मी तो उद्योग सांगणार नाही. दोन माणसांचे दीड किलोच्या आसपासचे तंबू आज मिळतात, आणि तिथे वाचलेला दीड किलो दोघांच्या कामाचा असतो. तुमच्या नव्या सॅकने फक्त तुमचीच पाठ हलकी झाली असती.

तंबू ठणठणीत निघाला तर पैसे स्लीपिंग बॅगकडे वळवा. तुमच्या बॅगेइतकीच ऊब देणारी पिसांची बॅग साधारण निम्म्या वजनात मिळते.

आणि खर्च न करता जे निघतं ते तर अजून शिल्लकच आहे. तुमच्या यादीत तंबू अख्खा तुमच्या नावावर आहे. आतला भाग आणि खुंट्या एकाने घ्या, बाहेरचं आवरण आणि दांडे दुसऱ्याने. स्टीलची थर्मासची बाटली अर्धा किलोपर्यंत जाते. साध्या पाण्याची लिटरची प्लास्टिकची बाटली चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. तीन सुती टी-शर्ट आहेत. सुती कापड घाम पितं, वाळत नाही आणि वारा सुटला की अंग गार करतं. चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, एक गरम थर, एक पावसाचा थर, आणि मोजे मात्र तीन जोड. बास. शिवाय स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमच्या पिशव्या रिकाम्या तोलून बघा. कपड्यांची पिशवी, औषधांची पिशवी, वायरींची पिशवी, त्या प्रत्येकीला जाड चेन आणि अस्तर. लोक दातांचा ब्रश अर्धा कापतात आणि पिशव्यांत पिशव्या घालून अर्धा किलो वाहतात, हे मी टेबलावर सॅक उपसताना नेहमी बघते.

अन्न, पाणी आणि इंधन सोडून जे वजन उरतं त्याला चालणारे लोक बेस वेट म्हणतात. नऊ किलोंच्या आत आलं तर हलकं, साडेचारच्या आत आलं तर अतिहलकं, अशी ढोबळ विभागणी आहे. साडेचारच्या मागे लागू नका. तुमच्या यादीतून दहाच्या आत येणं सहज शक्य आहे. तिथे पोचल्यावरही जुनी सॅक डोळ्यांत खुपत असेल तर खुशाल नवी बघा. तेव्हा लांबी मात्र पाठीची मोजायची, उंचीची नाही: मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे पाठीवर जिथे येतात त्या रेषेपर्यंत. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पाठीत चार बोटांचा फरक निघू शकतो.

शेवटचं. निघण्याआधी शिध्याचं आणि पाण्याचं खरं वजन भरून एक रात्र बाहेर काढा, पावसाची मिळाली तर उत्तमच. तंबू मुद्दाम अंधारात, हेडटॉर्चवर उभा करा. परत आल्यावर तीन ढीग करा: वापरलं, वापरलं नाही, आणि वापरलं नाही पण वाईट दिवशी लागेल. मधला ढीग घरी ठेवायचा. तिसऱ्यात काय घालायचं यावर तुमचं दोघांचं भांडण होईल, ते घरीच उरकून घेतलेलं बरं.

प्रश्न: माझ्याकडे उंच घोट्याचे उत्तम चामडी बूट आहेत. सात वर्षांपूर्वी घेतले, जेमतेम दोनदा वापरले आणि खोक्यात जपून ठेवले. नव्यासारखे दिसतात. येत्या मोठ्या चालीला तेच घालणार आहे. मित्र म्हणतो, पळायचे हलके शूज घे. तुमचं मत?

उत्तर: मतभेदाचं नंतर बघू, आधी ते बूट खोक्यातून काढा. चामड्याकडे बघू नका. बाहेरचा रबरी तळवा आणि चामडं यांच्या मधला जो फेसासारखा थर असतो, तो अंगठ्याने जोरात दाबा. मग बूट टाचेला आणि चवड्याला धरून चांगला वाकवा आणि त्या थरावर नजर ठेवा. केसाएवढ्या भेगा दिसल्या, कडेने भुगा पडला किंवा नखाने टवका निघाला, तर त्या बुटांनी एक दिवसही चालू नका. वरच्या उत्तरात तंबूच्या थराचं जे झालं तेच इथे होतं. बऱ्याच जड बुटांत हा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, तो न वापरताही आतून कुजतो, आणि बंद, दमट, उबदार कपाटात तर जास्तच लवकर. माझ्याकडे येणाऱ्या तळवा सुटलेल्या बुटांत झिजलेले कमी आणि जपलेले जास्त असतात. वरचं चामडं दणकट असेल तर नवा तळवा बसवून मिळतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून आजच चौकशी करा.

आता मित्राचं. त्याच्या बाजूने जुना पुरावा आहे. अमेरिकन सैन्यासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९६९ साली ओझ्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पायात वाहिलेलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा साधारण पाचपट शक्ती खातं, असं त्यात निघालं. बुटांची जोडी सातशे ग्रॅमने हलकी झाली तर सॅकमधले साडेतीन किलो उतरल्यासारखे आहेत. हलके शूज लवकर वाळतात हाही फायदा. तोटा हा की ते पाचशे ते आठशे किलोमीटरांत संपतात, म्हणजे लांबच्या वाटेवर दुसरी जोडी कुठे मिळणार ते आधीच ठरवायला हवं. बर्फ, सुट्या दगडांचे उतार किंवा पाठीवर मोठं ओझं असेल तर मी बुटांच्याच बाजूने आहे. मळलेल्या वाटेवर, माफक ओझ्यासह, तुमच्या मित्राच्या.

काहीही घ्या, पण संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय फुगतात, आणि आठवड्यामागून आठवडा चालताना तर अर्धा-एक नंबर वाढतो. ज्या मोज्यांवर चालणार तेच घालून दुकानात जा. उतारावर उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकत असेल तर ती जोडी तिथेच ठेवा, नखं काळी व्हायला एक लांब उतार पुरतो.

प्रश्न: माझ्या तंबूच्या दाराची चेन लावली की मागून उघडत जाते. दुकानदार म्हणतो अख्खी चेन बदलावी लागेल. खर्च बराच आहे.

उत्तर: बहुतेक वेळा चेन धडधाकट असते, झिजलेला असतो तो रनर. आत माती-वाळू अडकून त्याचा जबडा हळूहळू फाकतो आणि मग तो दात नुसते शेजारी शेजारी आणतो, एकमेकांत बसवत नाही. आधी जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने दात धुवा, वाळू द्या. मग रनर चेनच्या सुरुवातीला आणा. बारीक तोंडाची पक्कड घ्या आणि रनरच्या मागच्या कडा, म्हणजे बंद झालेली चेन जिथून बाहेर पडते तिकडच्या, आधी डावी मग उजवी, अगदी हलक्या हाताने दाबा. एकदा दाबा, चालवून बघा, पुन्हा एकदा दाबा. एकदम जोर लावलात तर रनर तडकतो किंवा जागीच अडकतो. दोन-तीन वेळा दाबूनही चेन उघडत असेल तर रनर बदला. त्याच्या पाठीवर बहुधा आकडा कोरलेला असतो, त्याच मापाचा घ्यायचा. टोकाचे चार टाके उसवून जुना काढायचा, नवा चढवायचा आणि टोक पुन्हा शिवून टाकायचं. दातच तुटले असतील तर मात्र दुकानदाराचं बरोबर आहे.

प्रश्न: माझ्या स्लीपिंग बॅगवर उणे पाच लिहिलं आहे. मागच्या वेळी तापमान तीन अंशांच्या खाली गेलं नव्हतं, तरी पहाटे थंडीने झोप उडाली. उणे पंधराची बॅग घेण्याचा विचार आहे. मॅट फुगवायची आहे, जुनी आहे, सकाळपर्यंत थोडी बसते, पण तेवढं चालतं.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पहिलं असायला हवं होतं! तुमची चोर बॅग नाही, मॅट असावी.

बॅगेत ऊब असते ती फुगलेल्या पिसांत किंवा धाग्यांत अडकलेल्या हवेची. अंगाखालचा भाग तुमच्याच वजनाने चपटा होतो, तिथे हवा उरत नाही. जमिनीपासून वाचवायचं काम तिथे मॅटच करते. मॅट अंगाची उष्णता किती अडवते त्याचा आकडा आर-व्हॅल्यू म्हणून छापलेला असतो. २०१८ साली त्याच्या मोजणीचं एक ठरलेलं मानक आलं, त्यामुळे त्यानुसार मोजलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची आता सरळ तुलना करता येते. उन्हाळ्यात एक-दोन भागतं, शून्याच्या आसपासच्या रात्रींना मी चारच्या खाली जाणार नाही. आणि आर-व्हॅल्यूची बेरीज होते. दोनची फोमची घडीची मॅट तीनच्या हवेच्या मॅटखाली घातलीत की पाच. शिवाय हवेची फुटलीच तर फोमची आहेच.

गळती शोधायची तर मॅट कडक फुगवा, साबणाचं पाणी स्पंजने पट्ट्यापट्ट्यांनी लावत जा आणि प्रत्येक पट्ट्यावर थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा एकदम येत नाही, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका आधी दिसतो आणि मग तो वाढतो. सापडल्याबरोबर पेनाने खूण करा, पाणी पुसलंत की जागा हरवते. सुरुवात झडपेपासून करा. पुष्कळदा तिथे मातीचा कण असतो आणि मॅटला भोक नसतंच. ठिगळ लावण्याआधी ती जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा आणि गोंद सुकायला रात्र द्या.

आता बॅगेवरचा आकडा. मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन तापमानं असतात. पहिलं आरामाचं, त्यात सरासरी बाई सैलावून झोपू शकते. दुसरं मर्यादेचं, त्यात सरासरी पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. तिसरं टोकाचं, आणि ते जीव वाचण्यापुरतं आहे, झोपेशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीत आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत बहुधा दुसरंच छापतात. तुमचं उणे पाच तेच असेल तर तुमच्या आरामाचं तापमान शून्याच्या आसपास किंवा थोडं वरच आहे, आणि खाली बसकी मॅट. पहाटे जाग येणारच.

उणे पंधराची बॅग घेऊ नका. जड होईल आणि उरलेल्या रात्री उकडेल. आहे ती बॅग पिसांची असेल आणि बरीच वर्षं धुतली नसेल तर धुवा. घामाच्या आणि त्वचेच्या तेलाने पिसं चिकटून गोळे होतात. मोठ्या टबात, पिसांसाठीच्या साबणाने, हाताने. पिळायची नाही, ओली बॅग एका टोकाला धरून उचललीत तर आतले पडदे फाटतात, म्हणून दोन्ही हात खाली घालून तान्ह्या बाळासारखी उचला. वाळायला खूप वेळ लागतो. ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल आत टाका, ते गोळे फोडतात. घरी ठेवताना दाबून भरलेली ठेवू नका, मोठ्या सुती खोळीत मोकळी ठेवा.

प्रश्न: गेल्या वर्षीचा पाण्याचा फिल्टर आहे, बारीक नळ्यांचा. पाणी अजून येतं. हाच नेऊ ना?

उत्तर: तो एकदा तरी गोठला होता का, यावर सगळं आहे. या पोकळ धाग्यांना साधारण ०.१ मायक्रॉनची छिद्रं असतात. आत पाणी राहून गोठलं की ते फुगतं आणि धागे चिरतात. बाहेरून काही दिसत नाही, उलट पाणी आधीपेक्षा मोकळं येतं, म्हणून माणूस खूश होतो. घरी खात्रीने तपासायची सोपी रीत नाही. शंका असेल तर फेका. गोठला नसेल तर उलट्या दिशेने स्वच्छ पाणी मारून धुवा आणि धार बघा. वाटेत थंडीच्या रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्यायचा.

हा फिल्टर जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी अडवतो, विषाणू मात्र त्यातून जातात. जिथे वरच्या अंगाला वस्ती आहे तिथे जोडीला क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या ठेवा. नुसत्या गोळ्यांवर राहायचं तर क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास थांबावं लागतं, आणि तहान लागल्यावर चार तास कोण थांबतं!

प्रश्न: माझी मुलगी एकटीच दीड महिना चालणार आहे. तिला सुरक्षेसाठी काहीतरी भेट द्यायचं आहे. शिट्टी, मिरचीचा फवारा, चाकू, दोन टॉर्च, सोलर चार्जर अशी यादी केली आहे. अजून काय?

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे, पण ही यादी तिलाच वाहायची आहे. शिट्टी ठेवा, पुष्कळ सॅकच्या छातीच्या पट्ट्याच्या बकलातच ती असते, आधी बघा. फवारा काही ठिकाणी बेकायदेशीर आहे आणि विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. दुसऱ्या टॉर्चपेक्षा जास्तीच्या बॅटऱ्या बऱ्या. सोलर चार्जर झाडीत आणि ढगांत हिरमुसतो, त्यापेक्षा १०,००० एमएएचची पॉवर बँक द्या. पण त्या आकड्याला भुलू नका: तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, फोनपर्यंत साधारण साडेसहा हजार पोचतात. थंडीत आणखी कमी.

खर्च करायचाच असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्या. शंभर-दीडशे ग्रॅमचं असतं आणि जिथे फोनला रेंज नाही तिथून ‘ठीक आहे’ कळवतं. त्याला वर्गणी लागते. नुसतं संकटाच्या वेळचं ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन, म्हणजे फक्त मदतीची हाक पाठवणारं यंत्र, घेतलं तर बहुधा वर्गणी नाही, पण ते तिच्या नावावर नोंदवावं लागतं, त्याच्या बॅटरीला मुदत असते, आणि त्यावरून गप्पा होत नाहीत. काही देशांत अशी उपग्रही साधनं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा ती चालणार त्या देशाचा नियम विकत घेण्याआधी बघा.

आणि तिच्याशी हेही ठरवून घ्या की संदेश आला नाही तर तुम्ही किती तासांनी कुणाला फोन करायचा. बॅटरी संपली, दरी खोल होती, आभाळ झाकलेलं होतं, अशा कारणांनी संदेश उशिरा येतोच. ती वेळ तिला ठरवू द्या, तुम्ही नको.

थोडक्यात

रेनकोटवर आता पाण्याचे थेंब ठरत नाहीत, कापड भिजतं, असं दोघांनी लिहिलं आहे. आधी धुवा, पण नेहमीच्या पावडरने नाही आणि फॅब्रिक कंडिशनर तर मुळीच नाही. लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर ड्रायरची मंद ऊब द्या, पुष्कळदा एवढ्यानेच थेंब पुन्हा घरंगळतात. नाही घरंगळले तर पाणी झटकणारा थर फवाऱ्याने नव्याने द्या. आतल्या शिवणींवरची पट्टी सुटली असेल तर हा उपाय नाही, ती वेगळी चिकटवावी लागते.

सॅकवर घालायचं रेनकव्हर की आत घालायची पिशवी? आत घालायची जाड प्लास्टिकची पिशवी. कव्हर वाऱ्यात उडतं, आणि पाठीकडून झिरपणारं पाणी त्याने अडत नाही.

गॅसचं अर्धवट वापरलेलं डबडं किती भरलंय हे कसं कळणार? नवं असतानाचं वजन त्याच्यावरच लिहून ठेवा आणि आता तोला, जो फरक आला तो जळालेला गॅस. विमानाने जाणार असाल तर मात्र ते घरीच राहील. केबिनमध्येही नाही, चेक-इन सामानातही नाही. तिथे पोचल्यावर घ्या, आणि तुमच्या स्टोव्हचे आटे तिथल्या डबड्याला बसतात का ते निघण्याआधी विचारून ठेवा.